फाटकावरचा विद्यार्थी

माझ्या अर्जावर साहेबांनी हिरव्या शाईने लिहिलं होतं, "कार्यालय पाँच बजे छूटता है। कक्षा पौने छह बजे लगती है। दूरी ग्यारह किलोमीटर, बीच में फाटक। आवेदिका स्पष्ट करें कि समय से कैसे पहुँचेंगी।"

अर्ज अगदी साधा होता. लखनौच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात नोकरदारांसाठी संध्याकाळचं एम.टेक. निघालं होतं, कॉम्प्युटरचं, तीन वर्षांचं, आणि त्याला ऑफिसचं ना-हरकत प्रमाणपत्र लागत होतं. नव्वदच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर हा शब्द निघाला की तेव्हा लोक खुर्चीत जरा सरळ बसायचे. मी तेलीबागच्या बाजूला रेल्वेच्या एका तांत्रिक कचेरीत काम करत होते. नवरा बँकेत, घर इंदिरा नगरला, मुलगी तीन वर्षांची. मी खुलाशात लिहिलं, "प्रयत्न करूँगी।" दुसऱ्या दिवशी अर्ज परत आला. खाली हिरव्या शाईत एक ओळ वाढली होती: "प्रयत्न कोई समय नहीं है।"

मला इतका राग आला की मी तडक त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि मराठीतच म्हणाले, "साहेब, नाही म्हणायचं असेल तर सरळ नाही म्हणा."

साहेब मूळचे अकोल्याकडचे. तीस-पस्तीस वर्षं उत्तर प्रदेशात काढली होती, हिंदी इतकं सफाईदार की ऐकणाऱ्याला पत्ता लागू नये. पण मराठीत शिरले की वऱ्हाड जसंच्या तसं. "नाही कुठं म्हणून राहिलो मी?" ते म्हणाले. "कशा पोचाल ते विचारून राहिलो. रस्ता पाहिला का तुम्ही? आधी पाहा, मग रडा."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कोणी नियमाबद्दल कुरकुर केली की "आधी वाचा, मग रडा." जेवणात मीठ कमी आहे असं कोणी म्हणालं की "आधी खा, मग रडा." आमच्या कचेरीत हे वाक्य शिपायापासून सगळ्यांना मराठीतच पाठ होतं.

त्या शनिवारी ते स्वतः स्कूटर घेऊन कॉलेजपर्यंत गेले आणि घड्याळ लावून आले. सोमवारी माझ्या अर्जावर "कोई आपत्ति नहीं", म्हणजे हरकत नाही, असं लिहिलेलं होतं. आणि त्याच फायलीत मागे दुसरा एक अर्ज लावलेला होता, तोही त्याच अभ्यासक्रमाचा. अर्जदार स्वतः साहेब. वय पंचावन्न. वरच्या अधिकाऱ्याकडे पाठवण्याआधी स्वतःच्या अर्जावर स्वतःच तीच हरकत घेतली होती आणि स्वतःच खुलासा केला होता, "चालीस मिनट, फाटक खुला हो तो।"

मी कपाळाला हात लावला. दिवसभर ज्या माणसाला घाबरायचं, संध्याकाळीही तोच शेजारच्या बाकावर.

घाबरायचं म्हणजे खरोखरच. साडेआठला कचेरी भरायची. आठ चाळीसला साहेब हजेरीपटावर लाल रेघ मारायचे, आणि त्यानंतर येणाऱ्याने रेघेच्या खाली सही करायची. गोमतीला पूर येवो, मुलाची परीक्षा असो, रेघ आठ चाळीसलाच. एकदा त्यांच्याच स्कूटरचं चाक पंक्चर झालं, तर आले आणि निमूटपणे रेघेखाली सही केली. पाच वाजता पेनाचं टोपण लावायचे. चार एकोणसाठला लावलं असं कोणी कधी पाहिलं नाही. चहा बशीत ओतून प्यायचे आणि बशी रिकामी होईपर्यंत बोलायचे नाहीत.

कॉलेजात मात्र हाच माणूस निराळा. पहिल्या दिवशी पायऱ्यांवर थांबून मला म्हणाले, "हे पाहा, इथं साहेब म्हणायचं नाही. इथं मी रोल नंबर अकरा." मला काही ते जमलं नाही. पण त्यांना जमलं. शिकवणारे सर वर्गात आले की चौदा जणांत एकटे हेच उठून उभे राहायचे, आणि सर त्यांच्या मुलाच्या वयाचे. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला-बूट बाहेर काढून जायचा दंडक होता. आम्ही कसेबसे ढकलून द्यायचो, साहेब मोजे घडी करून बुटांत ठेवायचे. फ्लॉपी जेवणाच्या डब्यातल्या वरच्या, कोरड्या पुडात. आणि वही मराठीत. शिकवणं इंग्रजीत, शंका हिंदीत, पण साहेब उतरवून घेणार मराठीत. एखादा प्रोग्राम स्वतःलाच पुन्हा हाक मारतो, त्याला काय ते भारदस्त इंग्रजी नाव आहे. साहेबांच्या वहीत "स्वतःच स्वतःला बोलावणे, परत यायचे विसरू नये" असं लिहिलेलं. परीक्षेच्या आधी मी ती वही मागून न्यायची. अहो, खरं सांगते, सरांपेक्षा मला त्या वहीतून जास्त समजलं.

त्यांची आणखी एक वही होती, खिशातली, छोटी. ती फाटकाची.

महानगर नावाच्या वस्तीच्या अलीकडे तेव्हा एक रेल्वे फाटक होतं. पाचला कचेरीतून निघालं की साडेपाचच्या सुमाराला आपण तिथं, आणि त्याच सुमाराला फाटक बंद. वीस-बावीस मिनिटं. फाटक बंद झालं की लखनौ काय करतं? स्कूटर आडवी करतं, मान खाली घालतं आणि दांड्याखालून पलीकडे जातं. सायकलवाले, दूधवाले, वकील, शाळेच्या मास्तरीणबाई, सगळे. मीही. माझी मोपेड हलकी होती, ओढणी कमरेला खोचली की दहा सेकंदांत पलीकडे. साहेब जायचे नाहीत. रेल्वेचा माणूस रेल्वेच्या फाटकाखालून जाणार नाही, विषय संपला. ते स्कूटर बंद करून पहिल्या रांगेत ताठ उभे राहायचे, खिशातली वही काढायचे आणि काहीतरी लिहायचे. मी दांड्याखालून वाकून जाताना त्यांच्याकडे बघायची नाही. पहिल्यांदा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर रेल्वे कायद्यातल्या एका पानाची झेरॉक्स ठेवलेली होती. वर काही लिहिलेलं नव्हतं. मी ती ड्रॉवरमध्ये टाकली आणि संध्याकाळी पुन्हा वाकून गेले.

पहिली दोन वर्षं हे सगळं चालून गेलं, कारण तेव्हाचे सर हजेरी तास संपताना घ्यायचे. पाचव्या सेमिस्टरला नवे सर आले. तिशीतले, हुशार, कडक. पावणेसहाला वर्गात पाऊल, पावणेसहालाच हजेरी. उशिरा येणाऱ्याला म्हणायचे, "आइए, बैठिए, पढ़िए। हाज़िरी नहीं लगेगी।" पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता यायचं नाही.

साहेबांना यात काहीच गैर वाटलं नाही. "बरोबर आहे त्यांचं," ते मला म्हणाले. "लेट म्हणजे लेट." आठवड्यातून दोन-तीन संध्याकाळी ते सहा वाजून चार-पाच मिनिटांनी दारात येऊन उभे राहायचे, परवानगी मागायचे, बसायचे, आणि तास संपला की सरांच्या टेबलाशी जाऊन पटावर आपल्या नावापुढचा 'ए' बघून स्वतःच्या वहीत उतरवून घ्यायचे.

आमच्या वर्गाने यावर आपला उपाय केव्हाच काढला होता. एकमेकांची हजेरी लावायची. वर्गात एक बँकवाले भाई होते, पोट सुटलेले, सदा हसतमुख, त्यांना चार आवाज काढता यायचे. सर मान वर करत नसत. एका संध्याकाळी भाईंनी निव्वळ प्रेमापोटी रोल नंबर अकरालाही घोगऱ्या आवाजात "यस सर" म्हणून टाकलं. साहेब तेव्हा फाटकावर होते. माझी मुलगी तापली होती म्हणून मी त्या दिवशी घरीच होते, माझीही हजेरी भाईंनी बारीक आवाजात लावली होती.

तास संपल्यावर साहेब पट बघायला गेले. आपल्या नावापुढे 'पी' बघून थबकले. मग सरांना म्हणाले, "सर, इसमें एक ग़लती है।"

"कैसी ग़लती?"

"पौने छह पर मैं फाटक पर था। छह बजकर पाँच मिनट पर आया हूँ। कृपया काट दीजिए।"

सरांनी त्यांच्याकडे बघितलं, पटाकडे बघितलं, आणि वर्गातली डोकी मोजली. पटावर चौदा, बाकांवर दहा. चौघांच्या हजेऱ्या लाल शाईने गेल्या. त्या दिवसापासून सर प्रत्येक नावाला मान वर करून तोंड बघायला लागले, आणि भाईंच्या चारही आवाजांचं काम संपलं.

मला हे दुसऱ्या दिवशी भाईंच्या फोनवरून कळलं. मी संतापले. आधीच माझे चार दिवस गेलेले, त्यात हे. चहाच्या वेळी केबिनमध्ये गेले, दार लावलं आणि म्हणाले, "साहेब, तुम्हाला तुमचा 'ए' हवा होता तर घ्यायचा होता. सगळ्या वर्गाला कशाला बुडवलंत?"

त्यांनी बशी खाली ठेवली. चहा तसाच. हे मी पहिल्यांदाच बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "मी मॅट्रिक झालो अन् वडील गेले. एकोणिसाव्या वर्षी ड्रॉइंग ऑफिसात लागलो. पुढचं सगळं पोस्टानं शिकलो. इंजिनियर झालो तोही पोस्टानं. पुस्तकं पोस्टानं, प्रश्न पोस्टानं, निकाल पोस्टानं. वर्ग काय असते ते मी इथं पाहिलं, पंचावन्नव्या वर्षी. कोणीतरी माझं नाव पुकारते अन् मी हजर म्हणतो, एवढ्यासाठी आलो मी. डिग्रीचं मला काय लोणचं घालायचं आहे? काल माझं नाव पुकारलं, अन् उत्तर भलत्याच माणसानं दिलं."

इतकी वर्षं ज्यांनी लाल रेघ मारली त्या माणसाला स्वतःची हजेरी इतकी हवी असेल हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मी बाहेर आले आणि, आता सांगायला हरकत नाही, फायलींच्या खोलीत जाऊन डोळे पुसले.

मग मी बसून नियम वाचला. आधी वाचा, मग रडा म्हणतात ना, माझं रडून झाल्यावर वाचला. सेमिस्टरमध्ये ऐंशी तास. साठ हवेत. ऑक्टोबरच्या मध्याला चाळीस झाले होते आणि साहेबांचे भरले होते बावीस. म्हणजे उरलेल्या चाळीसपैकी अडतीस. त्याहून वाईट गोष्ट पुढे होती. साहेब जानेवारीअखेर निवृत्त होणार होते, आणि या अभ्यासक्रमाच्या वर्गात बसायला नोकरीत असल्याचा दाखला लागायचा. प्रबंध नंतर दिला तरी चालणार होता, पण वर्गातला हा शेवटचा सेमिस्टर. तो गेला की दुसरा नाही. तीन वर्षं पाण्यात.

"साहेब, तुम्ही पाऊण तास आधी निघा. अर्ज द्या, कोण नाही म्हणणार आहे?" मी म्हणाले.

"आठ जणांच्या असल्या अर्जांवर मीच नाही म्हटलं आहे," ते म्हणाले. "आता मी काय म्हणून निघू?"

"मग फाटकाखालून तरी या."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडला. मग साहेबच म्हणाले, "ते फाटकाचं कोडं सुटलं आहे माझ्याकडून. पण उपाय माझ्या एकट्याच्या हातात नाही." आणि खिशातली वही माझ्यासमोर ठेवली.

सव्वादोन वर्षांच्या संध्याकाळी होत्या त्यात. फाटक किती वाजता पडलं, गाडी किती वाजता गेली, किती वाजता उघडलं. आणि शेवटच्या रकान्यात, पहिला माणूस कितव्या मिनिटाला वाकला. मी पानं उलटत गेले. सात. सात. आठ. सात. आठ. सात. फाटक पडल्यावर सहा मिनिटं सगळं लखनौ शहाण्यासारखं उभं असायचं. सातव्या मिनिटाला एक जण वाकायचा, आणि मग सगळे.

"आता हे ऐका," साहेब म्हणाले. "फाटकवाल्याला दोन घंट्या येतात. पहिली येते गाडी मागच्या स्टेशनातून सुटली की. दुसरी येते गाडी जवळ आली की. नियम दुसऱ्या घंटीला पाडायचा आहे. तो पाडते पहिलीला. काहून? लोक खालून जातात, कोणी सापडलं तर, म्हणून बिचारा आधीच पाडून ठेवते. अन् लोक खालून काहून जातात? तो आधीच पाडते म्हणून. दुसरीला पाडलं तर सहा मिनिटांत गाडी निघून जाते. सहा मिनिटांत कोणीच वाकत नाही. हे पाहा ना, लिहिलं आहे."

कॉम्प्युटरवर त्यांनी हे सगळं चालवूनही बघितलं होतं, खोटी फाटकं, खोट्या स्कूटरी, हजारो संध्याकाळी. उत्तर तेच येत होतं. आणि दुसऱ्या घंटीला फाटक पडलं तर साडेपाचला येणारी स्कूटर आरामात पलीकडे जात होती.

"मग सांगा की त्याला. तुम्ही अधिकारी आहात."

"माझ्या हाताखालचा नाही तो. असता तरी सांगितलं नसतं. माणूस कटला तर जबाब त्याला द्यावा लागते, मला नाही."

रविवारी आम्ही दोघं फाटकावर गेलो. फाटकवाला पन्नाशीचा, काटक, खोलीच्या दाराशी तुळशीची कुंडी ठेवलेली. साहेबांना तो ओळखत होता. रोज ताठ उभा राहून लिहिणारा हा माणूस त्याला कसला तरी तपासनीस वाटायचा आणि दोन वर्षं तो मनातून घाबरून होता. साहेबांनी त्याच्या खाटेवर बसून त्याला सगळी वही समजावून सांगितली, रकाना न् रकाना. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"बात तो ठीक है, साहब," तो म्हणाला. "पर पहले दिन ही कोई घुस गया, और कट गया, तब? आपकी कॉपी तो गवाही देगी नहीं।"

"कोई नहीं घुसेगा," साहेब म्हणाले. "दस दिन हम लोग खड़े रहेंगे, दोनों तरफ़। उसके बाद तुम ख़ुद देख लेना।"

'हम लोग' म्हणजे कोण हे मला तिथेच कळलं. दिवाळीची सुट्टी तोंडावर आली होती, कॉलेज दहा दिवस बंद, आणि गाड्यांना सुट्टी नसते. वर्गातले नऊ जण त्या रस्त्याने यायचे. ज्यांच्या हजेऱ्या साहेबांमुळे लाल शाईने गेल्या होत्या त्यांनाच आता दिवाळीत फाटकावर उभं करायचं, आणि हे सांगायचं काम माझं. मी भाईंना फोन केला. साहेबांनी चहा थंड केला ती सगळी गोष्ट सांगितली. भाई म्हणाले, "यार, पहले बताना था। मैं तो समझता था कि साहब को अकड़ है।" बाकीच्या सहा जणांना त्यांनीच सांगितलं.

ती दिवाळी मी कधी विसरणार नाही. घरी करंज्यांचं सारण परातीत आणि मी सव्वापाचला मोपेड काढतेय. मुलगी दारात उभी राहून म्हणायची, "मम्मी, आप फिर फाटक जा रही हो?" तिसऱ्या दिवशी नवराही मुलीला घेऊन आला आणि पलीकडच्या बाजूला उभा राहिला.

योजना सोपी होती. दुसरी घंटी झाली, फाटक पडलं की आमच्या स्कूटरी दांड्याला लागून एका ओळीत आडव्या उभ्या. पाच इकडे, चार पलीकडे. मागच्याला वाकायचं म्हटलं तरी वाट नाही. पहिल्या दिवशी लोक चिडले. एक म्हातारे वकील साहेबांना म्हणाले, "आप लोग हैं कौन? सरकारी हैं?" साहेब म्हणाले, "जी नहीं, विद्यार्थी हैं।" वकिलांनी त्यांच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं आणि गोंधळून आपली स्कूटर मागे घेतली. गाडी गेली, फाटक उघडलं. साहेबांनी घड्याळ बघून लिहिलं, सहा मिनिटं. फाटकवाला चाक फिरवताना आमच्याकडे बघत होता.

पाचव्या-सहाव्या दिवसापर्यंत लोकांना कळून चुकलं की फाटक लगेच उघडतं. इंजिन बंद करायचीही तसदी कोणी घेईना. नवव्या दिवशी साहेबांनी आम्हाला सगळ्यांना मागे उभं केलं, गर्दीत. ओळ नाही, आडकाठी नाही. फाटक पडलं. आम्ही घड्याळाकडे बघत. एक, दोन, तीन मिनिटं. चौथ्या मिनिटाला पुढचा एक सायकलवाला खाली वाकला. त्याने पायजम्याची क्लिप नीट केली आणि पुन्हा सरळ उभा राहिला. गाडी गेली. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. फाटकवाल्याने फाटक उघडलं, आणि मग खोलीतून बाहेर येऊन साहेबांना सलाम केला नाही, हात जोडून नमस्कार केला. म्हणाला, "साहब, अब आप लोग जाइए, त्योहार मनाइए। अब मैं दूसरी पर ही गिराऊँगा।"

सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी पाच वाजता साहेबांनी पेनाला टोपण लावलं. साडेपाचला आम्ही फाटकावर. उघडं होतं. साहेबांची जुनी स्कूटर रुळांवरून खडखडत गेली, तिच्या मागून मी. आम्ही पलीकडे पोचलो तेव्हा मागे पहिली घंटी वाजली, पण फाटक उघडंच राहिलं. साहेब मागे वळून बघत नव्हते, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसत होते. कॉलेजात पोचलो तर वर्गाला कुलूप. शिपायाला शोधून आणावं लागलं. सर पावणेसहाला आत आले आणि दारातच थांबले. चौदाच्या चौदा बाकांवर.

"रोल नंबर ग्यारह," सरांनी पुकारलं.

साहेब उभे राहिले. तसं उभं राहायची काही गरज नव्हती. "उपस्थित, सर," ते म्हणाले, इतक्या मोठ्याने की बाहेर बसलेला शिपाई डोकावला.

पुढचे सात आठवडे आम्ही सगळे तेच मोजत होतो. भाईंनी फळ्याच्या कोपऱ्यात खडूने आकडा लिहायला सुरुवात केली, सरांनी कधी पुसायला लावला नाही. एकदा एक मालगाडी नेमकी फाटकावरच येऊन उभी राहिली ती पाऊण तास हललीच नाही. त्या दिवशीचा 'ए' साहेबांनी शांतपणे वहीत उतरवून घेतला, आणि उरलेल्या दोनांतला एक गेला. मग डिसेंबरचा कोहरा पडला, दाट धुकं, सगळ्या गाड्या तासातासाने मागे, फाटक संध्याकाळभर उघडं. गाड्या उशिरा धावतात म्हणून खूश असलेला रेल्वेचा अधिकारी मी तेवढा एकच पाहिला. एरवी वक्तशीरपणावर भाषण देणारे साहेब सकाळी खिडकीतून कोहरा बघून म्हणायचे, "आज बरं आहे."

पुढचं थोडक्यात सांगते. परीक्षा झाली, जानेवारीत साहेब निवृत्त झाले, प्रबंध त्यांनी फाटकाच्या कोड्यावरच लिहिला आणि आम्ही दोघांनी डिग्री एकाच दिवशी घेतली. माझी अजून कपाटात कुठेतरी आहे. पण साहेब म्हटलं की मला डिग्री आठवत नाही. मला आठवते ती त्या सेमिस्टरच्या शेवटच्या तासाची संध्याकाळ.

आदल्या दिवशी फळ्यावर साठ लागले होते. पाच वाजता साहेबांनी पेनाला टोपण लावलं, मी पर्स उचलली. ते मात्र बसूनच.

"तुम्ही व्हा पुढं," ते म्हणाले. "मी आज नाही येत."

"का? बरं नाही का?"

"एकदम बरं आहे. साठ लागत होते, साठ झाले. एक तास माझा शिल्लक आहे." त्यांनी ड्रॉवर बंद केला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "घरच्यांना घेऊन गंजच्या बाजारात फिरायला जाऊन राहिलो. कॉलेजातली पोरं क्लास बुडवतात म्हणतात. मी कधी बुडवला नाही."

माझ्या तोंडून सवयीने निघून गेलं, "अर्ज दिलात?"

"अर्ज देऊन बुडवला," साहेब म्हणाले, "तर तो बुडवला कसा?"

मी एकटी निघाले. फाटक उघडं होतं. पावणेसहाला सरांनी पट उघडला, नावं पुकारत आले. "रोल नंबर ग्यारह।" कोणी उठलं नाही. सरांनी मान वर करून पहिल्या बाकाकडे बघितलं आणि पुन्हा पुकारलं. सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला.

मी उभी राहिले. "सर, वो आज नहीं आए।"

"तबीयत तो ठीक है?" सरांच्या आवाजात खरीच काळजी होती.

"बिल्कुल ठीक है, सर। भाभीजी को लेकर गंज घूमने गए हैं। क्लास बंक किया है।"

सरांनी पटावरच्या त्या ओळीवरून बोट फिरवत नेलं, मनात मोजत, अगदी पहिल्या दिवसापासून. शेवटाला आले तेव्हा हसत होते. मग त्यांनी रोल नंबर अकरापुढे सावकाश, नीट वळण काढून 'ए' लिहिला. मागून कोणीतरी बाक वाजवलं, मग सगळ्यांनीच वाजवलं, आणि सरांनीही पेन खाली ठेवून टेबलावर हात थोपटायला सुरुवात केली.